पाण्यातली रोवणी : गोंदियाच्या तलावांवरचे पाच दिवस

पहिला दिवस

गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी सौंदडच्या पुढे गेली की खिडकीतून तलाव मोजायचा नाद सोडून द्यावा लागतो. एक मागे पडतो न पडतो तोच दुसरा दिसतो. मधे भाताच्या बांध्या, म्हणजे खाचरं, पुन्हा पाळ, म्हणजे तलावाचा बांध, पाळीवर मोहाची नाहीतर आंब्याची झाडं आणि पलीकडे पाणी. जुलैचा शेवटचा आठवडा होता. बांध्या पाण्याने भरलेल्या होत्या, बायका डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन रोवणीला वाकलेल्या. पऱ्ह्यांच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, हिरव्या पेंढ्या चिखलात जागोजाग टाकून ठेवलेल्या.

मी निघाले होते एकाच गोष्टीसाठी. नागपुरात आम्ही मंडळी वर्षातून एकदोनदा तलाव स्वच्छ करायला जातो. स्वच्छ करायचा म्हणजे पाण्यातलं जे हिरवं दिसेल ते ओढून काठावर टाकायचं, अशी आमची समजूत. आणि इथे अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर या मच्छीमार समाजाचे लोक तलावात उतरून पाणवनस्पती लावतात, असं ऐकलं होतं. भात लावतात तशी, हाताने, चिखलात. ते डोळ्यांनी बघायचं होतं, जमलं तर हातानेही करायचं होतं.

गावाचं नाव मी लिहिणार नाही. गावकऱ्यांनीच तसं सांगितलं आणि कारणही रास्त आहे, ते पुढे येईल. मच्छीमार सहकारी संस्थेच्या सचिवांच्या घरी माझी राहायची सोय झाली होती. पोचल्यावर चहा झाला आणि उजेड आहे तोवर तलाव बघून घेऊ म्हणून आम्ही पाळीवर गेलो.

या भागातल्या तलावांना मामा तलाव म्हणतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी यातले बरेचसे बांधले. जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन, असा राजाचा शब्द होता, असं इथे सांगतात. पुढे मालगुजार, म्हणजे शेतसारा वसूल करणारे जमीनदार, तलावांची देखभाल करवून घेत. पाळीवर माती घालणं, पाट साफ करणं ही कामं गावाच्या अंगवळणी पडलेली होती. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली. हा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. तलाव सरकारजमा झाले. आज लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत, मोठे पाटबंधारे खात्याकडे. कागदावर मालक ठरला, पण दरवर्षी कुदळ घेऊन पाळीवर येणारा माणूस कमी झाला. तुडूम फुटले, पाट बुजले, गाळ साचत गेला.

तुडूम म्हणजे पाळीतून शेताकडे पाणी सोडायची जागा. तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर जातं ती वाट म्हणजे सलंग. या सलंगाचं पाणी वाया जात नाही, ते खालच्या तलावात जातं, तिथून त्याच्या खालच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात. उतारावर एकाखाली एक अशी माळ असते. सचिवभाऊ पाळीवरून हात करून दाखवत होते, "वरचा तलाव भरला का थो सलंगावरून आमच्यात येते. आमचा भरला का खालच्या गावात. मंग वरच्यानं औषध मारलं तर आमची मासोरी मरते, अन् आमी काई केलं तर खालच्याची."

हे बोलत असताना वर अडई बदकांचा थवा आला. शिट्टीसारखा आवाज करत, साठसत्तर तरी असतील, अंधार पडता पडता तलावातून उठून भाताच्या बांध्यांकडे गेल्या. दिवसभर तलावात आणि रात्री शेतांत चरायला, असा त्यांचा रोजचा क्रम असतो.

दुसरा दिवस

सकाळी सातला बारा बायका आणि चार पुरुष पाळीखाली जमले. ओली पोती आदल्या रात्रीच आणून सावलीत ठेवली होती, वर ओला पाला टाकून. त्यात रोपं होती, तीन गावं पलीकडच्या एका तलावातली. तिथे अजून सगळ्या जाती टिकून आहेत. तिथल्या संस्थेने ती दिली, पैसे न घेता. उद्या त्यांच्याकडे काही कमी पडलं तर इथून जाईल, एवढाच व्यवहार.

पोत्यांतून एकेक जात वेगळी काढणं हे पहिलं काम. ते ज्या मावशी करत होत्या त्या सत्तरीच्या असाव्यात. त्या बघतही नव्हत्या, नुसत्या बोटांनी ओळखत होत्या. पाण्याखाली बुडून वाढणारी हायड्रिला आणि लांब फितीसारख्या पानांची व्हॅलिसनेरिया एका बाजूला. पानं पाण्यावर तरंगतात आणि मुळं चिखलात असतात ती कुमुदाच्या जातीची दुसऱ्या बाजूला. तिसरा ढीग गादचा. गाद म्हणजे लव्हाळ्यासारखी दिसणारी वनस्पती. पानं जवळपास नाहीतच, नुसत्या उभ्या हिरव्या पोकळ काड्या. मावशींनी एक काडी माझ्या हातात दिली आणि दाबायला सांगितली. चिमटीत धरून खालून वर दाबत नेली तर टिकटिक वाजत गेली. आत बांबूसारखे आडवे पातळ पडदे असतात, ते एकेक फुटतात. मुळाशी तपकिरी, सुपारीपेक्षा लहान कंद. "हे सारसाचं खानं," मावशी म्हणाल्या. "माझ्या लगनाच्या साली होती जोडी या तलावात. चोचीनं गार खणून हेच खात होती."

त्यांच्या बोलीत ळ नाही. गाळाला गार, मासोळीला मासोरी आणि पाळीला पार. दुपारपर्यंत माझ्याही तोंडात पारच बसली.

मग उतरलो. पाण्यात उतरायच्या आधी एका भाऊंनी खुणा केलेली काठी घेऊन खोली बघितली होती आणि चार ओळींत फांद्या रोवून ठेवल्या होत्या. काठाकडची ओळ घोट्याएवढ्या पाण्यात, तिथे देवधान. देवधान म्हणजे रानटी भात. नांगर न लावता आपोआप उगवतो म्हणून उपासाला चालतो, आणि त्याचे दाणे पिकल्या पिकल्या झडतात म्हणून बदकांनाही मिळतो. त्याच्या आत, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गाद. त्याहून आत कमरेएवढ्या पाण्यात तरंगत्या पानांच्या जाती, आणि सगळ्यांत आत बुडून वाढणाऱ्या.

मी गादच्या ओळीत होते. तीनचार काड्यांचा जुडगा घ्यायचा, मुळाला चिखलाचा गोळा लावायचा, अंगठ्याने तळात खोचायचा आणि पायाच्या चवड्याने बाजूचा गाळ दाबायचा. सोपं वाटतं. माझे पहिले पाचसहा जुडगे पाचच मिनिटांत वर तरंगून आले. शेजारच्या ताईंनी माझं बोट धरून चिखलात नेलं. वरचा बोटभर गाळ लोण्यासारखा मऊ असतो, त्यात काहीच धरत नाही. त्याखाली जरा घट्ट, चिकट थर लागतो. तिथपर्यंत मूळ गेलं पाहिजे. एकदा तो थर बोटाला कळल्यावर पुढे एकही जुडगा सुटला नाही. हायड्रिलाचं वेगळंच. तिचा गुंता करून मातीच्या लाडूत दाबायचा आणि तो लाडू पाण्यात हलकेच सोडून द्यायचा. तळाला बसला की आपला आपण रुजतो.

खरं काम मात्र उन्हाळ्यातच होऊन गेलं होतं. हा तलाव आठनऊ वर्षांपूर्वी बेशरमने भरला होता. जांभळ्या फुलांची ती बेशरम सगळ्यांनी पाहिली असेल. तोडली तर तोडलेला प्रत्येक तुकडा ओल लागली की मूळ धरतो. म्हणून मे महिन्यात तळ उघडा पडल्यावर ती मुळासकट खणून काढावी लागते, पाळीबाहेर नेऊन वाळवावी आणि जाळावी लागते. पुढच्या वर्षी पुन्हा, त्याच्या पुढच्या वर्षीही. बायकांच्या बचत गटाने तीन उन्हाळे हे काम केलं. नंतर तळ नांगरला. नांगरल्याने गाळ मोकळा होतो, त्यात दडलेलं जुनं बी वर येतं आणि पाऊस पडल्यावर मुळं झपाट्याने खाली जातात. तलाव नांगरायचा ही गोष्ट मला पहिल्यांदा ऐकताना चमत्कारिक वाटली होती. गुडघाभर गाळात उभी राहिल्यावर वाटेनाशी झाली.

दुपारी पाळीवर भाकरी खाताना मी विचारलं, तुम्ही मासेमारी करणारी माणसं, तुम्हाला या गवताचं काय एवढं? उत्तर सगळ्यांनी मिळून दिलं, एकाचं वाक्य दुसऱ्याने पुरं केलं. संस्था तलाव ठेक्याने घेते आणि त्यात रोहू, कटला, मृगळ यांचं बीज टाकते. ते मोठं होतं, विकलं जातं. पण ते बीज दरवर्षी विकत आणावं लागतं, कारण या जाती वाहत्या पाण्यातल्या, साठलेल्या तलावात अंडी घालत नाहीत. मरळ, मागूर, शिंगी हे इथले मासे मात्र तलावातच वाढतात आणि पिल्लं देतात, त्यांना बीजाचा खर्च नाही. बाजारात भावही त्यांनाच जास्त मिळतो. पण त्यांना अंडी घालायला आणि पिल्लं लपवायला गवत लागतं. मधल्या काळात कुठे कुठे गवत्या मासाही सोडला गेला. तो नावाप्रमाणे पाण्यातलं गवत खाऊन टाकतो. सायप्रिनस तळातला गाळ उकरतो, त्याने रोपं उपटतात आणि पाणी गढूळ होतं. गढूळ पाण्यात ऊन खाली पोचत नाही आणि उरलेली वनस्पतीही जाते. गवत गेलं, मग देशी मासे गेले, मग पक्षी. या संस्थेने आता हे दोन मासे टाकायचे नाहीत, असा ठरावच केला आहे. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाबरोबर हीच रीत अनेक तलावांत रुजवली. कोणती वनस्पती किती पाण्यात आणि कोणता मासा कोणत्या गवतात, हे ज्ञान मूळचं या लोकांचंच. ते कोणी विचारत नव्हतं, एवढंच.

चारच्या सुमाराला काम थांबवून वर येत होतो. दोन वर्षांपूर्वी लावलेल्या, आता दाट झालेल्या गादच्या कडेला पाण्यावर एक तांबूस चकती थरथरताना दिसली. पाऊस पडत असल्यासारखे बारीक बुडबुडे तेवढ्याच जागी येत होते. ताईंनी मला हाताने मागे ओढलं. ती मरळीची पिल्लं होती, शेकडो, आगकाडीएवढी, नारिंगी. श्वास घ्यायला वर येत होती आणि पुन्हा खाली. आम्ही हललो नाही. मग त्यांच्याखाली काळपट पाठ दिसली, हाताएवढी लांब, संथ फिरणारी. मरळ पिल्लांवर राखण करते. पिल्लांसोबतची मरळ गळाला पटकन लागते, कारण जवळ येईल त्यावर ती धावून जाते. इथे ती कोणी मारत नाही. कोणी मारली तर संस्था दंड घेते, पण दंडाची वेळ गेल्या चार वर्षांत आली नाही, असं ताई म्हणाल्या. त्या म्हणाल्या तशा स्वरात मला त्यावर शंका घ्यावीशी वाटली नाही.

तिसरा दिवस

सकाळी नवेगावबांध. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला हा तलाव, सात बहिणी म्हणतात त्या डोंगरांच्या मधोमध. आत मालडोंगरी नावाचं बेट. राष्ट्रीय उद्यान १९७५चं, आणि डिसेंबर २०१३पासून हा सगळा भाग नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आला. पावसाळ्यात सफारी बंद असते, त्यामुळे गर्दी अजिबात नव्हती. सात बहिणींवर ढग उतरले होते. तासभर पाऊस लागला, बाकी वेळ मी काठावर बसून राहिले.

इतकं मोठं पाणी पाहिल्यावर वाटतं की पक्ष्यांसाठी हे एक राखलं म्हणजे झालं. कालच्या दिवसाने माझी ती समजूत पार घालवली होती. हिवाळ्यात इथे येणारी तलवार बदकं, लालसरी, चक्रवाक यांना मोठं पाणी निर्धास्त झोपायला लागतं. खाणं मात्र त्यांना गावागावांतल्या उथळ तलावांत, बोड्यांत आणि कापणीनंतरच्या बांध्यांत मिळतं. अभयारण्याची हद्द जिथे संपते तिथे त्यांचं घर संपत नाही. सिरेगावबांध, शृंगारबांध आणि ज्यांची नावं नकाशावरही नाहीत अशा शेकडो तलावांवर कोणत्याच खात्याचा पहारा नाही. तिथे जे काही राखलं जातं ते गाव राखतं.

संध्याकाळी गावात बैठक होती. विषय गाळ. समाजमंदिरात सत्तरऐंशी माणसं, बायका पुढे. एरवी अशा बैठकांत बायका मागे भिंतीला टेकून असतात. इथे बेशरम त्यांनी काढली, त्यामुळे पुढची जागा त्यांची.

शेतकऱ्यांचं म्हणणं सरळ होतं. तलाव गाळाने उथळ झाला आहे. उन्हाळ्यात यंत्र लावून सगळा तळ खोल करू, गाळ शेतात टाकू, पाणी जास्त साठेल. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही सरकारी योजना २०१७पासून आहे. रस्त्याच्या कामाला माती हवी असलेला बाहेरचा एक कंत्राटदार फुकट खोदून द्यायलाही तयार होता.

यावर कालच्या त्या मावशी उठल्या. त्या म्हणाल्या, खोदा, पण पारीजवळ खोदा. पाळीलगतचा भाग मुळात खोल, तिथला गाळ निघाला तर पाणी वाढेल. समोरचा काठ, जिथून पाणी आत येतं, तो उथळ पसरट उतार आहे. तो यंत्राने सरळ कापला तर तलावाची विहीर होईल. वरची हातभर माती गेली की तिच्यातले कंद, बी, मुळं सगळं जातं. आणि कडा उभी झाली की ना गाद लागते, ना बगळ्याला उभं राहता येतं, ना म्हशीला पाण्यात उतरता येतं. म्हशीचा मुद्दा निघाला तसे दोघेतिघे शेतकरी माना डोलवायला लागले.

दुसरं भांडण जुनं होतं, तुडूम किती उघडायचा याचं. भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, धानाला ऑक्टोबरात शेवटचं पाणी लागतं, आणि शेतकरी तलाव रिकामा होईस्तोवर सोडायला बघतात. ढिवरांना उन्हाळ्यापर्यंत मासे जगतील एवढं पाणी लागतं. तुडुमाच्या दगडावर तीन वर्षांपूर्वी एक रेघ कोरली आहे. पाणी त्या रेघेखाली गेलं की तुडूम बंद. ती रेघ चार बोटं खाली न्यावी असा एकाचा आग्रह होता. आवाज चढले. एक जण उठून बाहेर गेला आणि विडी ओढून परत आला. शेवटी रेघ तिथेच राहिली, पण ज्यांच्या बांध्या पाटाच्या शेवटाला आहेत त्यांना पहिलं पाणी द्यायचं ठरलं. खोदकाम फक्त पाळीकडच्या तिसऱ्या हिश्श्यात होईल, आणि खोदताना संस्थेची दोन माणसं तिथे उभी राहतील.

गावाला लागून जंगल आहे आणि त्यातल्या दोन बोड्यांवर सामूहिक वनहक्काचा दावा गावाने केला आहे. २००६च्या वनहक्क कायद्यात जमीन आणि गौण वनोपजाबरोबर पाणवठ्यांतले मासे आणि इतर उपज यांवरचा हक्कही आहे, हे एका तरुण मुलीने वाचून दाखवलं. ग्रामसभेच्या वहीत सगळं लिहून घेतलं गेलं. दहा वाजून गेले होते.

मला यातलं सगळ्यात मोलाचं काय वाटलं सांगू? कोणीही कोणाला पक्षी वाचवा असं म्हणालं नाही. पाणी, म्हशी, मासे, भारी धान एवढंच बोलणं झालं, आणि त्या बोलण्यातून पक्ष्यांचा काठ वाचला. तलावाशी ज्यांचं पोट बांधलेलं आहे त्यांच्या हातात निर्णय असेल तर असं होऊ शकतं. तो निर्णय जिल्ह्याच्या गावी बसून कोणी घेतला असता तर यंत्र सगळ्या तळावर फिरलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

चौथा दिवस

रात्रभर पाऊस. पहाटे पाचला सचिवभाऊंनी हाक मारली, "ताई, सलंग सुरू झाला!"

आम्ही पोचलो तेव्हा सलंगावरून पाणी चहाच्या रंगाचं होऊन खाली कोसळत होतं आणि खालच्या ओढ्यातून मासे उलटे वर चढत होते. लहान, बोटाएवढे, रुपेरी. दगडावर आपटायचे, मागे पडायचे, पुन्हा उडी मारायचे. पावसाच्या नव्या पाण्यात अंडी घालायला ते वर जातात. चढणीचे मासे पकडणं सर्वांत सोपं असतं, नुसती टोपली धरली तरी भरते. संस्थेने इथे पहिले आठ दिवस सलंगावर जाळं, टोपली काही लावायचं नाही असं ठरवलंय. दोन पोरं पहाऱ्याला बसली होती, पोत्याची खोळ करून. ती अधूनमधून हाताने मासा उचलत आणि पलीकडे वर तलावात सोडत. काम म्हणून नाही, मजा म्हणून.

माझं लक्ष परवाच्या रोपांत अडकलं होतं. पाणी हातभर चढलं होतं. देवधानाची ओळ पूर्ण बुडाली होती. ती तग धरेल, पाण्याबरोबर वाढते म्हणाले. गादची शेंडं पाण्यावर दोनतीन बोटं दिसत होती. मी माझी ओळ मोजत गेले. वाहून गेलेली रोपं सलंगाजवळ येऊन अडकली होती, ती ताईंनी गोळा करून पुन्हा पोत्यात भरली. एकही फेकलं नाही.

जुन्या कुमुदाच्या पानांवर कमळपक्ष्याचा नर अंड्यांवर बसला होता. लांब शेपटीचा, मानेमागे पिवळा. कमळपक्ष्यांत मादी अंडी घालून निघून जाते, उबवतो तो नर. पाणी वाढलं की तरंगतं घरटंही वर येतं. घरटं म्हणजे तरी काय, दोन पानांवर टाकलेल्या चार ओल्या काड्या. तो उठला तेव्हा चकाकणारी तपकिरी अंडी दिसली. चार. दहा वर्षांपूर्वी इथे फक्त बेशरम होती.

दुपारच्या गाडीने मी गोंदियाला परतले. निघताना मावशींनी गादचे पाच कंद एका ओल्या फडक्यात बांधून दिले. नागपूरच्या तलावासाठी.

पाचवा दिवस

गोंदिया तालुक्याचा उत्तरेकडचा भाग, वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या मधला. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो बहुतेक याच जिल्ह्यात. शेजारच्या भंडाऱ्यात मोजके आणि नदीपलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटमध्ये काही. गोंदियातला आकडा अलीकडच्या वर्षांत तिसाच्या आसपास आहे. परसवाडा आणि झिलमिली हे तलाव त्यांच्यासाठी ओळखले जातात. दर जूनमध्ये वनविभाग, सेवा ही गोंदियातली संस्था आणि गावोगावचे सारसमित्र एकाच वेळी वेगवेगळ्या ठिकाणी पहाटेपासून उभं राहून त्यांची मोजणी करतात. २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या घटत्या संख्येवरून स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. शेतातली विजेची तार, कीटकनाशकं, पाणथळ जागांवरची अतिक्रमणं, सगळं तिथे मांडलं गेलं.

मी मात्र एका शेतकऱ्याच्या बांधीवर उभी होते. त्यांच्या रोवलेल्या धानाच्या मधोमध एक मोकळा तुकडा होता, साधारण घराच्या अंगणाएवढा. त्यात गवताचा आणि धानाच्या काड्यांचा ढीग, पाण्यातून हातभर वर आलेला. त्यावर सारस बसला होता. दुसरा शंभरेक पावलांवर चरत होता, उभा, माझ्या खांद्याला लागेल एवढा उंच. राखाडी अंग, लाल डोकं. आम्ही पळसाआडून बघत होतो, याहून पुढे जायचं नाही असं ते काका आधीच बोलले होते.

रोवणीच्या आधी जोडी तिथे काड्या गोळा करताना दिसली, तेव्हा काकांनी तेवढा तुकडा सोडून रोवणी केली. अंडी दोन आहेत. महिनाभर दोघं आळीपाळीने बसतात. बाहेर पडलेल्या पिल्लांना घेऊन ते त्याच शेतातून फिरतील, थोडा धान तुडवतील. नुकसान होतं का, म्हणून विचारलं. होतं, ते म्हणाले. "पन बापाच्या वेळपासून येते हे जोडी. नाई आली त वरीस सुनं वाटते."

गावाचं नाव लिहू नये, हे इथेही सांगितलं गेलं. घरट्याची जागा कळली की फोटो काढणारे येतात, जवळ जातात, पक्षी उठतो, आणि उघड्या पडलेल्या अंड्यांवर कावळे टपलेलेच असतात. अर्जुनीकडच्या गावाला सारस परत यायची आशा आहे म्हणून ते आतापासून जपतात, इथे तो आहे म्हणून. मी मोबाइल पिशवीत ठेवून दिला.

रात्रीच्या पावसाने बांधीतलं पाणी वाढलं होतं. काकांकडे बांबूची एक कांब होती, तिला वीतवीतभर अंतरावर लाल दोरे बांधलेले. बांधाजवळ पाण्यात उभी करून त्यांनी पाहिलं. दुसरा दोरा बुडला होता. तिसऱ्यापर्यंत पाणी गेलं तर ढीग भिजतो आणि अंडी गार पडतात. पण पूर्ण उतरवलं तर कुत्रे चालत आत जातात. त्यांनी फावडं उचललं, बांधाच्या कोपऱ्यावर एकच घाव घातला, चार बोटांची चीर पाडली. पाणी शेजारच्या बांधीत झुळझुळत जायला लागलं. कांब पुन्हा रोवून ते तिथेच बांधावर बसले, दोरा वर यायची वाट बघत. घरट्यावरच्या सारसाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पंखात घातली.